ऊसतोडीआधीचा डोस: आमच्या महिला मंडळाच्या प्रकल्प नोंदी, २०२४-२५

४ ऑगस्ट २०२४, रविवार (अंबाजोगाई)

मासिक बैठक. यंदाच्या प्रकल्पासाठी तीन सूचना आल्या. शाळेला पाण्याचं फिल्टर, 'स्वाराती'च्या (स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालयाच्या) दवाखान्यात नातेवाइकांना बसायला बाकडी, आणि डॉक्टर मॅडमची तिसरी: ऊसतोड कामगारांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस.

फिल्टर गेल्या वर्षी एका शाळेला दिलं होतं. कँडल बदलायला पैसे नाहीत म्हणून ते आता कपाटासारखं वापरतात. तो मुद्दा तिथंच संपला.

लशीची माहिती मॅडमनी दिली ती अशी. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ वयाला दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. छापील किंमत डोसला २,००० रुपये. केंद्राच्या अंतरिम अर्थसंकल्पात या लशीला प्रोत्साहन देऊ असं म्हटलंय, पण सरकारी दवाखान्यात अजून ती मिळत नाही.

एक गोष्ट मला नवीन होती. या रोगावरचा जगभर वाचला गेलेला एक मोठा अभ्यास आपल्या शेजारीच झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. "म्हणजे आपल्याच बायकांनी जगाला शिकवलं, अन् आपल्या लेकी तशाच राहिल्या," असं काकू म्हणाल्या. (काकू म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या सभासद. बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा.)

ठरलं. ४० मुली, दोन डोस, १,६०,००० रुपये. पैसे नेहमीप्रमाणे दिवाळी फराळातून उभे करायचे, लसीकरण डिसेंबरात.

११ ऑगस्ट, रविवार

धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवर गेलो. आशाताईंनी (वाडीवरच्या आशा कार्यकर्ती) बायकांना देवळात जमवलं होतं. आम्ही डिसेंबर म्हटलं तशी एक बाई हसलीच. "डिसेंबरात इथं कोण ऱ्हातंय बाई? म्हातारी माणसं अन् कुत्री. आमी तवा फडात."

सगळं नियोजन तिथंच कोलमडलं, आणि बरं झालं. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात. मुकादमाकडून (मजुरांच्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी सांभाळणारं कुणी असेल तर लेकरं मागं राहतात, नाहीतर कोपीवर (फडावरच्या झोपडीत) सोबत जातात. पोरगी दहा-बारा वर्षांची झाली की तिला मागं ठेवायला आई धजत नाही. म्हणजे नेमक्या आपल्या वयोगटातल्या मुली गावातून आधी जातात. परत येतात त्या मार्च-एप्रिलात.

परतताना गाडीत डॉक्टर मॅडम बोटं मोजत होत्या. सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर, बरोब्बर सहा महिने. पहिला डोस जाण्याआधी, दुसरा आल्यावर. लशीचं अंतर आणि ऊसतोडीचा हंगाम एकमेकांत बसतात. बसत नाही ते फक्त आमचं मंडळ, कारण आमचा पैसा दिवाळीला येतो.

१८ ऑगस्ट, रविवार

तातडीची बैठक. पहिल्या डोसचे ८०,००० आणि शिबिराचा नाष्टा-गाडी धरून ६,०००, असे ८६,००० रुपये सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हातात हवेत.

दिवाळीच्या आधी फराळ कोण घेतं, या प्रश्नावर बराच वेळ गेला. उत्तर आमच्या प्रत्येकीच्या घरात होतं. महालक्ष्म्या! १० सप्टेंबरला येतात. मुखवट्यांपुढं करंज्या, लाडू, अनारसे, शेव मांडावी लागते, वर फुलोरा बांधावा लागतो. नोकरीवाल्या सुना अनारशाचं पीठ आता घरी कुठं करतात? लातूर-पुण्याहून सणाला येणाऱ्यांना तर तयारच हवं असतं. दर किलोला सरासरी ४२० ठरवला. सोवळ्यातलं हवं असणाऱ्यांची यादी वेगळी. त्यावर दोघी-तिघींनी नाकं मुरडली, पण ऑर्डर ती ऑर्डर.

लकी ड्रॉची सूचना खजिनदार ताईंनी उडवून लावली. तिकिटं विकून बक्षीस काढणं म्हणजे कायद्याने लॉटरी झाली, तिला परवाना लागतो. गावात चार जण करतात म्हणून आपण करायचं नाही.

एका सभासदाने विचारलं: जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून एक डोसही चालतो म्हणते, मग दुसऱ्याच्या पैशात आणखी ४० मुली का घेऊ नयेत? प्रश्न चांगला होता. आपल्या लशीच्या पत्रकात या वयाला दोन डोस लिहिलेत, मी पत्रकाबाहेर जाणार नाही, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं. मला स्वतःला ८० मुलींचा आकडा मोहात पाडणारा वाटला. पण सुई टोचणार त्यांच्या हाताने, तेव्हा निर्णयही त्यांचा.

२४ ऑगस्ट, शनिवार

कागदपत्रांचा दिवस. धर्मादाय कार्यालयाकडे कलम ४१ क खाली निधी संकलनाचा अर्ज. फराळासाठी अन्न सुरक्षेची नोंदणी: १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी, ऑनलाइन भरली. नवीन पावतीपुस्तकं छापायला टाकली. पावतीवर ठळक लिहून घेतलं की रोख २,००० रुपयांच्या वर ८०-जीची (देणगीवरची प्राप्तिकराची) सवलत मिळत नाही. मोंढ्यातले आडते रोखच काढतात आणि मग मार्चमध्ये सर्टिफिकेटसाठी आमच्याशी वाद घालतात.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. कालपासून पाऊस थांबायला तयार नाही. परभणी-हिंगोलीकडे तर पुराने हाहाकार केलाय. इथं अनारसे वाळेनात, लाइट दोनदा गेली. काकूंच्या वाड्यात दोन शेगड्या, माझ्याकडे एक. चकलीला बाहेरच्या दोन मावशी रोजाने लावल्या. "सेवेचं काम आहे, फुकट करू द्या की," असं एक जण म्हणाली, तेव्हा काकूंनी तिला गप्प केलं: "सेवा आपली. त्यांचं पोट आहे."

९ सप्टेंबर, सोमवार

शेवटची डिलिव्हरी रात्री उशिरा. १८० किलो गेला. सामान, मजुरी, पिशव्या वजा जाता १८,४०० रुपये उरले. दोन घरी करंज्या फुटक्या निघाल्या म्हणून बदलून दिल्या. महालक्ष्मीपुढं फुटकी करंजी चालत नाही, आणि त्या घरांचं बरोबरच होतं.

१४ सप्टेंबर, शनिवार

आजपासून खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं. कच्च्या तेलावर एकूण ५.५ वरून २७.५ टक्के, रिफाइंडवर १३.७५ वरून ३५.७५. दुकानदाराने दुपारीच भाव बदलला. आपला मुख्य घाणा नशिबाने आधीच निघाला होता. दिवाळीचं गणित मात्र नव्याने मांडावं लागेल.

जमा: फराळ १८,४००. सभासद वर्गणी, ३५ जणींच्या ५०० प्रमाणे, १७,५००. न नेसलेल्या साड्यांची विक्री १४,२००. (एकीच्या लग्नातली पैठणी निघाली. दोघींनी बोली लावली आणि शेवटी तिच्याच जावेने घेतली. घरात त्यावरून काय झालं ते मी विचारलं नाही.)

संध्याकाळी एका 'इच्छुकां'चा माणूस आला. विधानसभेच्या तोंडावर सध्या गावात इच्छुक फार आहेत. पूर्ण ८६,००० द्यायची तयारी, फक्त शिबिराला साहेबांचा बॅनर आणि मुलींसोबत फोटो. आम्ही सांगितलं, चेक द्या, पावती देऊ, बॅनर नाही, आणि मुलींचा फोटो तर मुळीच नाही. "विचारून सांगतो," म्हणून गेला. अजून विचारतोय.

२० सप्टेंबर, शुक्रवार

या नोंदीला वेळ देतेय, कारण पैशापेक्षा अवघड काम आज होतं.

संमतीपत्रं भरायला वाडीवर गेलो. आयांना लस म्हणजे काय ते कळतं, पोलिओ-गोवर सगळं पोरांना दिलंय. पण कॅन्सर म्हटलं की चेहरे बंद होतात. सुरुवातीला वाटलं, आजाराची भीती असेल. एका बाईनं सांगितलं तेव्हा उलगडलं. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, पोट दुखायचं. दवाखान्यात सांगितलं, पिशवी (गर्भाशय) काढली नाही तर कॅन्सर होईल. उचलीतून पैसे भरून तिनं तिशीच्या आत पिशवी काढली. आता कंबर धरते, कोयता चालवताना दम लागतो. "तेबी कॅन्सरच म्हणले होते. आता तुमीबी कॅन्सरच म्हणताय."

२०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गेला होता. सरकारच्या समितीच्या पाहणीत आमच्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढल्याचं आढळलं. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात हे ऑपरेशन करता येत नाही. पण ज्यांची झाली त्या बायका इथंच आहेत, आणि याच मुलींच्या आया आहेत. पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं कॅन्सरचं नाव काढून पैसे उकळले, हा त्यांचा अनुभव आहे. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी हे ऐकावं.

डॉक्टर मॅडमनी पत्रकं बाजूला ठेवली आणि खाली बसल्या. ही सुई पिशवीला हात लावत नाही, पाळी बंद होत नाही, पुढं लेकरं होतात, आणि पैसा एकही लागणार नाही. हात दोन दिवस दुखेल, एखादीला ताप येईल. हे त्यांनी किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. मग एकीनं विचारलं, "तुमच्या पोरीला दिली का?" दिली होती. लसीकरणाचं कार्ड मोबाइलमध्ये होतं, ते हातोहात फिरलं. त्यानंतर अंगठे आणि सह्या सुरू झाल्या.

पिशवी काढलेल्या त्या बाईनं सगळ्यात शेवटी सही केली. जाताना शंभराची नोट पुढं केली. "बहिणीचे पैसे आलेत." लाडकी बहीण योजनेचे. घ्यावेत की नाही यावर आमच्यात डोळ्यांनीच चर्चा झाली. खजिनदार ताईंनी पावती फाडून दिली, तिनं ती घडी घालून पोलक्यात ठेवली.

३८ संमती. दोन वडिलांनी नको म्हटलं, त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्या जागी शेजारच्या तांड्यावरच्या दोघी आल्या.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मोंढ्यातून २८,००० आले, पाच दुकानांतून. दानपेट्यांत ८,५००, वाडीवरची शंभराची नोट धरून. एकूण ८६,६००. विक्रेत्याशी घासाघीस केली, थोडं कमी झालं, ते दुसऱ्या डोसच्या खात्यात.

२९ सप्टेंबर, रविवार

शिबिर, वाडीवरच्या शाळेत. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, आणि गोठली तर वाया जाते. म्हणून फ्रीजरमधले आइस पॅक काढून घाम सुटेपर्यंत बाहेर ठेवले, मगच डब्यात भरले. हे काम आमच्यातल्या निवृत्त नर्सबाईंनी केलं. त्यांनी त्या डब्याला कुणालाही हात लावू दिला नाही, अध्यक्षांनाही नाही.

मुलींना आधी पोहे आणि केळी, कारण उपाशीपोटी सुई घेतली की चक्कर येते. नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. एक मुलगी सुई पाहूनच पडली, तिला पायाखाली दप्तर देऊन झोपवलं, दहा मिनिटांत उठून दुसऱ्यांदा पोहे मागितले.

४० पैकी ३७ आल्या. दोघी आजारी होत्या, एका घराची टोळी कर्नाटकात आधीच गेली. प्रत्येकीला कार्ड दिलं आणि कार्डावर तीन फोन नंबर लिहून घेतले: आईचा, मुकादमाचा, गावातल्या एका नातेवाइकाचा. मुकादमाचा नंबर घ्यायची कल्पना आशाताईंची. आईबापाचं रिचार्ज संपतं, मुकादमाचं संपत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आचारसंहिता लागली. आजारी असलेल्या दोघींना डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात डोस झाला. एकूण ३९.

उद्या कोजागरी. बालाघाटच्या सीताफळांची रबडी विकायचं ठरत होतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, गर काढायला मात्र यंत्र नाही. चौघींनी संध्याकाळभर बिया काढल्या, आणि हे पुन्हा करायचं नाही असं एकमताने ठरलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी फराळ, दुसऱ्या डोससाठी. तेलाने कंबर मोडली. दर वाढवला तर ऑर्डरी गळतात. यंदा गावाच्या हातातही पैसा नाही. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आहे आणि मोंढ्यात त्याच्या बऱ्याच खाली विकावं लागतंय. सोयाबीन पडलं की मराठवाड्यात कापडापासून करंजीपर्यंत सगळंच पडतं. तळणीचं कमी करून रव्या-बेसनाचे लाडू वाढवले. नफा ११,००० च्या आसपास. गेल्या दिवाळीच्या निम्मासुद्धा नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

गाळप १५ तारखेपासून सुरू झालंय, परवा मतदान. काही टोळ्या मतदान करून जायचं म्हणून थांबल्यात, बऱ्याच गेल्या. आमच्या यादीतल्या २६ मुली आईबापाबरोबर आहेत, बाकीच्या आजीकडं किंवा वसतिगृहात.

डिसेंबर

काम नाही. जिल्ह्यातलं वातावरण इतकं तापलंय की रोज कुठं ना कुठं मोर्चा किंवा बंद. कार्यक्रम पुढे ढकलले.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

आमच्यातल्या दोघी इनरव्हीलच्याही सभासद आहेत. आज त्यांचा दिवस. १९२४ साली मँचेस्टरला मार्गरेट गोल्डिंग यांनी रोटेरियनांच्या बायकांना एकत्र करून ते सुरू केलं. दोघींनी तिथं आमचा प्रकल्प मांडला आणि २०,००० रुपये मिळवून आणले. आपणही तशा मोठ्या संस्थेला जोडून घ्यावं का, ही चर्चा पुन्हा निघाली. माझं मत नाही. त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे, पण वर्षाला अध्यक्ष बदलला की प्रकल्प बदलतो, आणि आपल्याला दोन हंगाम एकच काम धरून ठेवायचंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. यंदा वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटले नाहीत. त्याऐवजी दारात पेटी ठेवली: वाणाचे पैसे यात टाका. बोलावणं सगळ्यांना होतं, नवरा गेलेल्या बायकांनासुद्धा. त्यावर दोघी आल्या नाहीत. चौदा जणी मात्र पहिल्यांदाच आल्या आणि त्यातली एक सगळ्यांना कुंकू लावत फिरली. पेटीत १३,७००.

९ मार्च, रविवार

अंदाज चुकवणारी बातमी. यंदा ऊस कमी, कारखाने लवकर बंद होतायत. टोळ्या परतू लागल्या. घाई करून उपयोग नाही, सहा महिने २९ मार्चला पूर्ण होतात. भीती वेगळीच आहे: लवकर आलेली माणसं घरी बसत नाहीत, वीटभट्टीवर जातात.

तिघींनी याद्या वाटून घेऊन फोन लावले. मुकादमांच्या नंबरांनी खरंच काम केलं. एका मुकादमानं तर स्वतः सांगितलं, "पाच तारखेला पोरी आणून सोडतो." एवढ्यावरून मुकादम लोकांबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण त्याची नोंद व्हायला हवी.

दुसऱ्या डोसला ७८,००० लागतात. दिवाळी, इनरव्हील, हळदीकुंकू आणि विक्रेत्याची सूट धरून हातात ४९,३००. उरलेल्यासाठी मार्चअखेरीस ८०-जी हवं असलेल्यांच्या मागे लागायचं. मोंढा, डॉक्टर, वकील, सगळे.

२८ मार्च, शुक्रवार

जमलं. शेवटचे ९,००० एका आडत्याने दिले, तेही चेकने. खजिनदार ताईंनी चेक दोनदा पाहिला.

५ एप्रिल, शनिवार

दुसरं शिबिर. मंगळवारपासून शाळांच्या वार्षिक परीक्षा, म्हणून आजच. ३२ मुली आल्या. काळवंडल्यात, दोघी-तिघींच्या हातावर पाचटानं कापल्याचे ओरखडे. लेखी नियम काहीही असोत, फडात मुली बसून राहत नाहीत.

सहा महिन्यांपूर्वी पडलेली मुलगी आज सगळ्यांत पुढं उभी होती आणि पोह्यांत शेंगदाणे कमी आहेत असं तिनं सांगितलं.

आयांसाठी मॅडमनी तपासणीचा विषय काढला. त्यांच्या वयाला आता लशीपेक्षा तपासणीचा उपयोग जास्त. पाच जणींनी नावं दिली. पिशवी काढलेल्या बाईनं विचारलं, माझी करायची गरज आहे का. गर्भाशयमुख काढलंय की ठेवलंय, ते ऑपरेशनच्या कागदावरून कळेल. कागद तिच्याकडे नाहीत, दवाखान्यानं दिलेच नव्हते. तिला 'स्वाराती'त घेऊन जायचं माझ्याकडे आलंय.

४ मे, रविवार

एप्रिलअखेर आणखी चौघींना दवाखान्यात डोस झाला. ३६ मुलींचे दोन्ही डोस पूर्ण. तिघी राहिल्या: दोघी वीटभट्टीवर, एक घर पुण्याला गेलं. एका डोसनंही बरंच संरक्षण मिळतं असं मॅडम म्हणतात, तरी तिघींचे डोस राखून ठेवलेत आणि फोन चालू आहेत.

हिशेब लेखापरीक्षकांकडे दिला. देणगीदारांची यादी १०-बीडी फॉर्ममध्ये ३१ मेच्या आत भरायची, नाहीतर कुणालाच ८०-जी मिळणार नाही आणि तो चेकवाला आडत्या पुन्हा कधी चेक देणार नाही.

पुढच्या वर्षी तांड्यावरच्या आणखी ४० मुली घ्यायच्या, आणि आयांची तपासणी सोबत. महालक्ष्म्या यंदा ३१ ऑगस्टला येतात, म्हणजे दहा दिवस आधी. ऑर्डरी जुलैअखेर घ्यायला लागतील, अनारशाचे तांदूळ ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भिजवायचे. काकू म्हणतात पाऊस पाहून ठरवू. मी तारीख लिहून ठेवलीय: १२ ऑगस्ट.